उद्या वर्कशॉप आहे: काय घालायचं, काय न्यायचं, काय तपासायचं

नववीला टेक्निकल घेतलं की जूनच्या शेवटाला कधीतरी वेळापत्रकात वर्कशॉपचा जोडतास लागतो. त्याची तयारी आदल्या रात्री करायची. सकाळी रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत असताना ॲप्रन शोधत बसण्यात अर्थ नाही. नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या भागातल्या मुलांना वाटतं, आपल्या घरात सगळे कंपनीतच आहेत, आपल्याला काय नवीन? पण बाबांना मशीनवर बघणं वेगळं आणि स्वतः व्हाइससमोर, म्हणजे धातू घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यासमोर, उभं राहणं वेगळं.

आधी कपडे. शर्ट-पॅन्ट सुती हवी. ट्रॅकसूटचं किंवा पॉलिस्टरचं कापड ठिणगीने वितळतं आणि कातडीला चिकटतं. सुतीला फार तर भोक पडतं. बाही एकतर कोपराच्या वर, नाहीतर मनगटाशी बटण लावून घट्ट. पॅन्टची खालची कड बाहेरून दुमडू नका, त्या घडीत लोखंडाचा कीस आणि ठिणग्या जाऊन बसतात. ॲप्रनची नाडी मागे बांधा, टोकं आत खोचा. बूट पूर्ण बंद आणि कातड्याचे असावेत, शाळेचे काळे चालतील. क्रॉक्स आणि कॅनव्हास घालून आलात तर मी दारातूनच परत पाठवते, मग रुसू नका. पावसाळ्यात दप्तरात कोरड्या मोज्यांचा एक जोड टाका. रेनकोट आणि छत्री व्हरांड्यातच ठेवायची. फरशीवर पाणी आणि शेजारी ड्रिलिंग मशीनची वायर, हे एकत्र नको.

केस मुलींचे असोत की मुलांचे, लांब असतील तर वर बांधून टोपीखाली. ओढणी, टाय, आयकार्डाची दोरी, गळ्यातली चेन, सगळं काढून दप्तरात. हिवाळ्यात नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा आया मुलांना मफलर गुंडाळून पाठवतात. वर्गात तो ठीक आहे, मशीनच्या फिरत्या दांड्याजवळ, म्हणजे स्पिंडलजवळ, नाही. आणि ऑगस्टमधला दरवर्षीचा वाद म्हणजे राखी. बहिणीने बांधलेली राखी कापायची नाही, हे मलाही मान्य आहे. आदल्या दिवशी गाठ सैल करून ती नीट काढून ठेवा, तास झाल्यावर पुन्हा बांधा. कडं, गंडा, घड्याळ यांनाही हाच नियम. अंगठी निघत नसेल तर साबण लावून घरीच काढा, वर्कशॉपमध्ये ओढाताण नको.

गणपतीच्या आधी ढोलपथकात असणाऱ्यांनी एक गोष्ट आपणहून सांगायची: तळहाताला फोड आलेत का? अशा हातात कानशीची, म्हणजे धातू घासायच्या हत्याराची, मूठ नीट बसत नाही, पकड सुटते. त्या दिवशी मार्किंगचं, म्हणजे धातूवर खुणा आखायचं, काम देता येतं. सांगायला लाजू नका. रात्री उशिरापर्यंत सराव करून झोप झाली नसेल तर तेही सांगा.

दप्तरात काय? वर्कशॉपची वही, पेन्सिल, सहा इंची स्टीलची पट्टी, एक जुनं सुती फडकं आणि सेफ्टी गॉगल. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. त्याच्या बाजूने कण आत येतात, म्हणून चष्म्यावरून बसणारा गॉगल घ्या. विकत घेण्याआधी दुकानातच घालून मान खाली करून बघा, घसरत असेल तर दुसरा मागा. पालकांसाठी एक काम: धनुर्वाताची लस. आपल्याकडच्या राष्ट्रीय लसीकरणात टीडीचे (धनुर्वात आणि घटसर्पाच्या एकत्र लसीचे) डोस १० आणि १६ व्या वर्षी असतात. दहाव्याचा राहिला असेल तर तास सुरू होण्याआधी घेऊन टाका. मुलाला दमा, फिट किंवा कशाची ॲलर्जी असेल तर चिठ्ठीत लिहून द्या.

वर्कशॉपमध्ये शिरल्यावर हत्याराला हात लावण्याआधी चार गोष्टी नजरेने शोधा: मेन स्विच, मशीनवरचं लाल आपत्कालीन बटण, प्रथमोपचाराची पेटी आणि बाहेरचं दार. वाळूच्या बादलीत वाळूच आहे ना, हेही बघा. तिच्यात पेन्सिलीचे तुकडे आणि चॉकलेटचे कागद साठतात.

मग आपलं टेबल. व्हाइसच्या जबड्याची वरची कड तुमच्या कोपराच्या उंचीला आली पाहिजे. उंची कमी असलेल्या मुलांनी पायाखाली लाकडी पाट मागून घ्यावा, टाचा उंचावून काम करायचं नाही. कानस हातात घेतली की आधी मूठ बघायची. मुठीच्या आत कानशीचं निमुळतं टोक असतं, त्याला टँग म्हणतात. मूठ सैल असेल किंवा नसेलच, तर जोर लावताना कानस अडते आणि ते टोक तळहातात घुसतं. बिनमुठीची कानस परत द्या, दुसरी येईपर्यंत थांबा. हातोड्याचं डोकं हलतंय का, पाचर नीट बसली आहे का, हे दांडा उभा धरून हलकेच हलवून कळतं. छिन्नीच्या माथ्याला घाव बसून कडा पसरल्या असतील, फुललेल्या भुछत्रासारख्या, तर ती वापरू नका. त्या कडेचा तुकडा उडतो आणि कुठे जाईल सांगता येत नाही. हॅकसॉच्या, म्हणजे धातू कापायच्या करवतीच्या, पात्याचे दात मुठीपासून दूर, पुढे तोंड करून असले पाहिजेत. पातळ पत्र्याला बारीक दातांचं पातं लावा, इंचाला २४ किंवा ३२ दातांचं. कापताना निदान तीन दात एका वेळी धातूवर टेकलेले हवेत, नाहीतर पातं अडकतं आणि तुटतं.

पहिला जॉब, म्हणजे करायला दिलेला तुकडा, बहुधा माइल्ड स्टीलचा (साध्या मऊ पोलादाचा) छोटा चौरस असतो. कानस मारून त्याच्या कडा सरळ आणि एकमेकींना काटकोनात आणायच्या. ऐकायला किरकोळ वाटतं. उजव्या हाताने मूठ, डाव्या हाताचा तळवा टोकावर, डावा पाय पुढे. जोर जाताना द्यायचा, येताना कानस नुसती अलगद मागे आणायची. मिनिटाला पन्नासच्या आसपास फेऱ्या पुरतात. मुलं नव्वद मारतात आणि मग कडेला मध्ये उंचवटा येतो, दोन्ही टोकं पडतात. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडाकडे धरला की फटीतून प्रकाश दिसतो. कितीही पट्टी फिरवा, तो प्रकाश खोटं बोलत नाही. कीस बोटाने पुसायचा नाही आणि फुंकायचा तर नाहीच, डोळे शेजाऱ्यालाही आहेत. ब्रश वापरा. कापलेल्या कडेला जी बारीक धार राहते तिला बर म्हणतात. ती कानशीने मारल्याशिवाय जॉब कुणाच्या हातात देऊ नका.

मला विचाराल तर पहिला दीड-दोन महिना मुलांच्या हातात एवढंच द्यावं. पालकसभेला हमखास प्रश्न येतो, ‘मॅडम, अजून मशीन का नाही दिलं?’ प्रश्न विचारणारे बहुतेकदा स्वतः कंपनीतलेच असतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रत्यक्ष कारखान्यातसुद्धा हीच अट घातली होती: अठरा वर्षांखालच्याला धोक्याच्या यंत्रावर, त्यातले धोके समजावून सांगितल्याशिवाय आणि पुरेसं शिकवल्याशिवाय किंवा जाणकाराच्या देखरेखीशिवाय, काम देऊ नये. मग शाळेने कशासाठी घाई करायची?

ड्रिलिंग मशीनची वेळ येते तेव्हा बरीच मुलं शहाणपणाने हातमोजे आणतात. ते इथे चालत नाहीत. मोज्याचा एक धागा ड्रिलला लागला की आख्खा हात ओढला जातो. मोजे पत्रा उचलायला, तेवढ्यापुरते. जॉब मशीन व्हाइसमध्ये पकडून व्हाइस टेबलाला बोल्ट करायचा. हाताने धरायचा नाही, ‘एकच भोक आहे मॅडम’ म्हणूनही नाही. ड्रिल खालून बाहेर पडतो त्या क्षणाला तो पकड घेतो, आणि मोकळा पत्रा पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. म्हणून शेवटच्या मिलीमीटरला दाब कमी करा. चक की, म्हणजे ड्रिल घट्ट करायची चावी, काढून खुंटीला अडकवल्याशिवाय बटणाकडे हात न्यायचा नाही. सेंटर पंचने (टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने) ठोकलेली खूण आधी, नाहीतर ड्रिल घसरतो. वेगाचं गणित वहीत लिहून आणा: माइल्ड स्टीलला १० मि.मी.च्या ड्रिलसाठी मिनिटाला ८०० फेऱ्या धरल्या तर ५ मि.मी.ला साधारण दुप्पट लागतात. जाड ड्रिल, कमी वेग. नवीन मुलं नेमकं उलटं करतात. धातूची लांब वळणदार चिप निघत असेल तर मशीन थांबवून ब्रशने काढा, ती ब्लेडसारखी कापते.

ग्राइंडर पहिल्या वर्षी लांबूनच बघा. बघतानाही चाकाच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. सर टूलरेस्ट (हत्यार टेकवायचा आधार) आणि चाकामधली फट ३ मि.मी.च्या आत आहे का ते तपासतात, चालू केल्यावर मिनिटभर नुसतं फिरू देतात. हे का करतात ते विचारा. वेल्डिंगचंही तसंच. काळ्या काचेशिवाय आर्ककडे, म्हणजे वेल्डिंगच्या प्रखर उजेडाकडे, बघितलं तर लगेच काही वाटत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायला लागतं. वेल्डिंग करणाऱ्याच्या मागून डोकावणाऱ्यालाही हे होतं.

तापवलेल्या धातूचं वेगळंच. आपल्या भांडी बाजारातल्या तांबटाला विचारा, तांबं ठोकत गेलं की कडक होतं, म्हणून ते मधूनमधून तापवून मऊ करून घ्यावं लागतं. शाळेतही तांब्याची छोटी वाटी करताना हे करतो. तापवलेल्या धातूची लाली गेल्यावर तो गार दिसतो, पण गार नसतो. अशा तुकड्याशेजारी टेबलावर खडूने ‘गरम’ लिहायचं आणि उचलायला चिमटाच वापरायचा. भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नाही. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, सरळ सांगायला या.

तास संपायच्या पंधरा मिनिटं आधी काम थांबतं, नेमका हात बसायला लागलेला असतो तेव्हा. हत्यारं फळ्यावर आपापल्या आकृतीवर लागली पाहिजेत; एक जागा रिकामी दिसली तर कुणी घरी जात नाही. पावसाळ्यात कानशी वायर ब्रशने साफ करून कोरड्याच ठेवा, त्यांना तेल लावलं तर त्या धातूवर घसरतात. मोजमापाच्या हत्यारांना मात्र तेलाचा हात हवा. तेलकट फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जातात, केराच्या टोपलीत नाही. डबा खाण्याआधी हात साबणाने, नखांतूनही. आणि घरी पोचल्यावर बूट दाराबाहेरच काढून त्यांचे तळवे बघा, कीस रुतलेला असतो. घरात रांगणारं बाळ असेल तर हे आठवणीने करा. ॲप्रन घरच्या कपड्यांत न टाकता वेगळा धुवा, खिसे उलटे करून.