उष्णतेची गळती ऊष्मागतिकीच्या आधारे कशी शोधावी

बॉयलर, टर्बाइन किंवा शीतकरण यंत्रणेची कार्यक्षमता वाढवायची असेल, तर प्रथम कागदावर त्या यंत्रणेभोवती सीमारेषा आखावी आणि आत येणारे इंधन, वीज, पाणी व हवा, तसेच बाहेर पडणारी वाफ, धूर आणि भिंतींतून निसटणारी उष्णता यांचा ताळेबंद मांडावा. ऊष्मागतिकीच्या, म्हणजे उष्णता व काम यांच्या शास्त्राच्या, पहिल्या नियमानुसार ऊर्जा नष्ट होत नाही. त्यामुळे यंत्रणा स्थिर गतीने चालू असताना दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर मोजमाप चुकले आहे किंवा एखादी वाट नोंदवायची राहिली आहे.

पुष्कळ तपासण्या इथेच संपतात, आणि हीच त्यांची उणीव असते. कारण ताळेबंदात ऊर्जेचे प्रमाण कळते, तिची उपयुक्तता कळत नाही. ती ठरवण्यासाठी दुसरा नियम लागतो: सगळी उष्णता कामात बदलता येत नाही. उष्णतेपासून मिळणाऱ्या कामाची कमाल मर्यादा केवळ दोन तापमानांवर, म्हणजे उष्णतेच्या स्रोताच्या आणि परिसराच्या, ठरते, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये मांडले. सेल्सिअस तापमानांत २७३ मिळवून ती केल्विनमध्ये आणावीत, परिसराच्या तापमानाला स्रोताच्या तापमानाने भागावे आणि भागाकार एकातून वजा करावा; येणारे उत्तर हीच ती मर्यादा. परिसर ३० अंशांवर असेल, तर ६०० अंशांच्या उष्णतेतून फार तर ६५ टक्के काम मिळू शकते, ९० अंशांच्या पाण्यातून सुमारे १६ टक्के, आणि वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरमधून ४० अंशांना बाहेर पडणाऱ्या उष्णतेतून जेमतेम ३ टक्के. तेव्हा औष्णिक केंद्राच्या शीतकरण मनोऱ्याकडे पाहून हळहळण्यात फारसा अर्थ नाही. खरे नुकसान त्याआधीच, हजार अंशांहून तप्त ज्वाळेने साडेपाचशे अंशांची वाफ तयार होताना, बॉयलरमध्ये झालेले असते.

यानंतर, काम न होता तापमान किंवा दाब मोठ्या प्रमाणात घसरतो अशा जागा शोधाव्यात: अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह, गरम व थंड प्रवाहांचे मिश्रण, धुराड्यातून जाणारा तप्त वायू. या वायूवर बॉयलरला जाणारे पाणी आधी तापवून घेता येते. मात्र इंधनात गंधक असल्यास धूर फार थंड करू नये, अन्यथा आम्ल साचून नळ्या गंजतात.

थंड करायचे आणि तापवायचे सर्व प्रवाह तापमानांसह लिहून काढावेत आणि ते हीट एक्स्चेंजरमध्ये (प्रवाह न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या उपकरणात) परस्परविरुद्ध दिशांनी असे जुळवावेत, की त्यांच्यात सर्वत्र थोडाच फरक राहील. हा फरक जितका कमी ठेवावा तितकी उष्णता अधिक वाचते, पण एक्स्चेंजरचा पृष्ठभाग आणि खर्चही वाढतो. अनेक कारखान्यांत १० ते २० अंशांचा फरक पुरतो. बाहेरून किती उष्णता विकत घ्यावी लागेल, याचा हिशेब ही जुळवाजुळव झाल्यावरच करावा.