किमो आणि दिवाळी एकाच महिन्यात आली तर या चुका टाळा

कॅन्सरवरची माझी तिसरी किमो वसुबारसेच्या बरोबर नऊ दिवस आधी झाली. तारीख मिळाली तेव्हा मी खुशीत होते. दिवाळीपर्यंत नऊ दिवस हातात आहेत, तोवर होऊ की ठणठणीत! हिशोब नेमका उलटा निघाला. बऱ्याच किमोंमध्ये रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या (काउंट) सगळ्यांत खाली जाते ती साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत. म्हणजे घर पाहुण्यांनी भरतं त्याच आठवड्यात आपले काउंट तळाला.

त्यामुळे पहिली चूक टाळायची ती ही, की कालनिर्णय भिंतीवर आणि किमोची फाईल कपाटात. दोन्ही शेजारी ठेवून बसा आणि डे केअरच्या, म्हणजे किमो देतात त्या वॉर्डच्या, सिस्टरला सरळ विचारा, "माझे काउंट कधी पडतील?" तारीख मागेपुढे करायची असेल तर ते डॉक्टरांनी ठरवायचं. आपणच परस्पर "पाडवा झाल्यावर येते" म्हणून मोकळं व्हायचं नाही. लाईट, म्हणजे रेडिएशन, चालू असेल तर अजिबातच नाही. तोंड-घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तर मध्येच पडलेल्या खाड्यांनी उपचाराचा परिणाम कमी होतो. सुट्टीमुळे सेंटरच बंद असेल, तर बुडालेले दिवस कसे भरून काढणार ते आधीच विचारून घ्या.

उसनी ताकद

उलट्या होऊ नयेत म्हणून किमोबरोबर बहुधा डेक्सामेथासोन देतात. त्या स्टेरॉइडने दोन-तीन दिवस अंगात वारं भरल्यासारखं होतं. मी रात्री दोन वाजता माळा आवरायला काढला होता. गोळी थांबली आणि चौथ्या दिवशी उठून पाणी घ्यायचं त्राण उरलं नाही. या जोरावर शंकरपाळ्यांचं पीठ भिजवायला घेऊ नका. मधुमेह असेल तर याच दिवसांत साखरही चढते, तेव्हा लाडवाआधी ग्लुकोमीटर.

ताप दाबू नका

हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि मी नेमकी इथेच चुकले. नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाऊन आले आणि हुडहुडी भरली. थंडी असेल म्हणून शाल घेतली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, क्रोसिन घे आणि थोडी पड." घेतली, घाम आला, बरं वाटलं, फराळाला बसलेसुद्धा. संध्याकाळी थर्मामीटरवर 101. गोळीने नुसता ताप झाकला होता, आत जंतूंचा संसर्ग वाढतच होता.

किमो चालू असताना 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त ताप आला की सकाळची वाट बघायची नाही. गोळी न घेता आधी फोन, आणि तसेच निघायचं. काउंट पडलेले असले की शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं असं डॉक्टर मानतात. कॅज्युअल्टीच्या दारातच सांगा, "किमो चालू आहे, ताप आहे." रांगेत बसून राहू नका. आणखी एक, फाईलवरचा नंबर ओपीडीचा असतो. आमच्याकडे तो नुसता वाजत राहिला. रात्री आणि सुट्टीला कोण फोन उचलतं, तो नंबर धनत्रयोदशीच्या आधीच लिहून दाराला चिकटवा.

ताट, उटणं आणि आत्याचा काढा

तळणाच्या वासाने पोटात ढवळत असेल तर चकल्या सरळ बहिणीकडे तळून घ्या. यात कमीपणा काही नाही. तोंड आलेलं असताना चकली म्हणजे काचा चघळणं. गरम जेवणापेक्षा निवलेल्या खिरीला, मऊ भाताला वास कमी येतो, म्हणून ते जातं. ऑक्सालिप्लॅटिन हे किमोचं औषध चालू असेल तर मात्र गार काही नको. फ्रिजचं पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा होतो, थंड भांड्याला हात लावला तरी मुंग्या येतात. पंचामृतात दूध न तापवलेलं असेल तर नुसता नमस्कार करा, देव समजून घेतो. हारतुरेही जंतूंच्या भीतीने शेजारच्या खोलीत बरे.

गणपतीपासून घरात येणारं पपनस हे ग्रेपफ्रूटचं भाऊबंद. इमॅटिनिबसारख्या कॅन्सरवरच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण त्याने बदलू शकतं, म्हणून खाण्याआधी विचारा.

लाईटच्या जागेवर तेल, उटणं, हळद काही नाही. कातडी आधीच भाजल्यासारखी असते, वर लाईटसाठी रेखलेल्या खुणाही पुसल्या जातात.

आणि काढा. आत्या प्रेमाने गुळवेल आणतात. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी केली होती. किमोचा भार आधीच यकृतावर असतो. आत्यांना नाही म्हणणं जड जातं, म्हणून मी बाटली ठेवून घेतली आणि "डॉक्टरांना दाखवून घेते" म्हटलं. डॉक्टरांनी नको सांगितल्यावर आत्याही रागावल्या नाहीत.

पाहुण्यांचं काम घरातल्या एकावर सोपवा. आमच्याकडे नवऱ्याने ग्रुपवर एकच मेसेज टाकला: सर्दी-खोकला असेल तर येऊ नका, बाकीच्यांनी गॅलरीत बसायचं, चहा आम्ही देऊ. दोघी-तिघींना लागलं. चालायचंच.

भाऊबीज त्या वर्षी वॉर्डात हुकली. ती आम्ही किमोच्या एकोणिसाव्या दिवशी केली. काउंट वर आले होते, तोंडाला चव होती. भावाने ओवाळणीत डिजिटल थर्मामीटर घातला, आणि मी त्याच्या पुढ्यातली बासुंदीची वाटीही उचलली.