आशाताईंना संशोधनात घेताय? आधी ‘नको’ची तालीम करून घ्या

आशाताई, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्य स्वयंसेविका, तुमच्या अभ्यासासाठी घरोघरी माहिती गोळा करणार असतील तर त्यांच्या प्रशिक्षणासाठी हे. हॉल, चहा, वह्या-पेनं यांवर शब्द घालवत नाही. तारीख मात्र नीट बघून धरा. लसीकरणाचा दिवस नको, मासिक सभेचा नको आणि महिनाअखेर तर नकोच, कारण तेव्हा ताई क्लेम फॉर्म भरत बसलेल्या असतात. पालघरातल्या जव्हार-मोखाड्याकडे भाताच्या आवणीत कुणी येणार नाही. दिवाळीनंतर तिथली घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात, म्हणजे प्रशिक्षण ऑक्टोबरात आणि घरभेटी डिसेंबरात असं ठरवलंत तर ताई कुलपं बघून परत येतील.

पैसे त्याच संध्याकाळी हातात द्या. आशांचा बराचसा मोबदला कामागणिक असतो. तुमच्या हॉलमध्ये बसलेला दिवस म्हणजे तिचा बुडालेला दिवस. ‘बिल पास झालं की देऊ’ हे वाक्य तिने आयुष्यभर ऐकलंय. आणि तान्ह्या बाळांसाठी बाजूची एक खोली मागून ठेवा.

आता मी गेल्या वेळी विसरले ते. नकार कसा घ्यायचा, हे मी शिकवलंच नाही. संमतीपत्र वाचून कसं दाखवायचं, अंगठा कुठे घ्यायचा, हे सगळं शिकवलं. फॉर्म आले तेव्हा एकही नकार नव्हता आणि मला त्याचा आनंद झाला. मग फेरतपासणीला एका पाड्यावर गेले. पडवीत बाळाला पाजत बसलेल्या बाईला विचारलं, अंगठा कशासाठी दिलात? ती म्हणाली, “ताईनं कागद आणला. नाय म्हटलं तर सातशे रुपये अडकतील ना?” म्हणजे दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी मिळणारे जननी सुरक्षा योजनेचे सातशे. आमच्या अभ्यासाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. सगळी संमती पुन्हा घ्यावी लागली. दुसऱ्यांदा नीट विचारल्यावर काही जणींनी सरळ ‘नको’ म्हटलं आणि त्यांची माहिती आम्ही काढून टाकली.

चूक ताईंची नव्हती. तिचं रोजचं कामच नकार वळवण्याचं आहे. लस नको म्हणणाऱ्या घरी ती चारदा जाते, सासूला समजावते, आणि ते बरोबरच आहे. संशोधनात मात्र तोच गुण उलटतो. शिवाय जी बाई आपल्याला दवाखान्यात घेऊन गेली, बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी दारात आली, तिला नाही कोण म्हणेल? म्हणून नकाराला अख्खा अर्धा दिवस द्या. जोड्या लावा. एकीने आई व्हायचं आणि नको म्हणायचं. दुसरीने एवढंच बोलायचं: “बरं, काही हरकत नाही. लस, वजन, पैसे सगळं आधीसारखंच मिळेल.” आणि उठायचं. उठणं सगळ्यांत अवघड जातं. आमच्या दुसऱ्या प्रशिक्षणात एक अनुभवी ताई तीनदा “अगं पण का?” म्हणाली आणि बसूनच राहिली. चौथ्यांदा उठली. तोवर थांबा.

त्याआधी ताईचा स्वतःचा नकार. तालुक्याहून ‘उपस्थित राहावे’ असं पत्र निघालं असेल तर तीही हुकमानेच आलेली असते. प्रत्येकीला एकटीला गाठून विचारा, वरिष्ठ खोलीत नसताना.

निरक्षर आईसाठी साक्षर, त्रयस्थ साक्षीदार लागतो. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. दुसरी आशा किंवा तुमचा माणूस चालत नाही.

मोजमाप खऱ्या मुलांवर शिकवा, बाहुल्यांवर नाही. दंडघेराची पट्टी डाव्या हाताला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. एकाच मुलाला दोन ताईंनी मोजायचं आणि आकडा एकमेकींना सांगायचा नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात ११.५ सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण. पट्टी जरा आवळली की निदानच बदलतं. असं मूल सापडलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात, अभ्यास नंतर. आणि ‘यांना हे जमेल का’ असं कुणी अधिकारी म्हणाले तर गडचिरोली सांगा: ‘सर्च’ या तिथल्या संस्थेच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांनी नवजात बाळांच्या नोंदी ठेवल्या आणि उपचारही केले, तो अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला.

उरलेलं भराभर. टॅब चार्ज, सोबत कागदी फॉर्म, नेटवर्क धरून चालू नका. नावं वेगळ्या वहीत. पहिला आठवडा ताईबरोबर स्वतः हिंडा. दर आठवड्याला नकार मोजा. शून्य आले तर काम थांबवून नकाराची तालीम पुन्हा घ्या. नकार आणणाऱ्या ताईचे पैसे कापू नका, भेट झाली म्हणजे काम झालं. निष्कर्ष पाड्यावर जाऊन सांगा.

आणि फॉर्मवर ‘नको’ची चौकट आहे का, ते छपाईआधी बघा. माझ्या फॉर्मवर नव्हती.