लॅपटॉपची स्क्रीन उभी राहत नाही? पाना हातात घेण्याआधी या चुका टाळा

स्क्रीन उघडावी आणि ती आपोआप मागे कलंडावी, किंवा मांडीवरचा लॅपटॉप जरा हलला की झाकण धप्पकन की-बोर्डवर पडावं. बिजागरी सैल झाली हे उघडच आहे. पण सैल नेमकं काय झालंय, हे न बघताच स्क्रू आवळायला घेतात, आणि तिथेच काम बिघडतं.

बहुतेक लॅपटॉपच्या बिजागरीत एक लहानसा धातूचा दांडा असतो. त्यावर एकापुढे एक वॉशर आणि टोकाला नट. नट वॉशरना दाबून ठेवतो आणि त्या घर्षणावर स्क्रीन हवी तिथे थांबते. बिजागरीची पट्टी मात्र वेगळ्याच बारीक स्क्रूंनी बसवलेली असते, आणि ते स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी बुशमध्ये, म्हणजे आतून आटे असलेल्या बारीक नळीत जातात. म्हणजे सैल व्हायच्या जागा तीन: नट, स्क्रू, नाहीतर खुद्द प्लास्टिक.

खोलण्याआधी झाकण दोन बोटांत धरून अगदी थोडं पुढे-मागे हलवा. आधी जरा मोकळं हललं, टक् वाजलं आणि मग अडलं, तर बहुधा पट्टीचे स्क्रू ढिले आहेत. अजिबात टकटक नाही, पण झाकण लोण्यासारखं सरकतंय, तर घर्षण गेलंय. उघडताना कोपऱ्यात फट पडत असेल किंवा करकर ऐकू येत असेल, तर बुश प्लास्टिकसकट उपटला गेलाय. अशा वेळी झाकण पुन्हा उघड-बंद करू नका. प्रत्येक वेळी चीर वाढते आणि आतल्या डिस्प्ले केबललाही ओढ बसते.

नट फार आवळणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. घर्षण कमी झालंय म्हणून पाना लावून दणकून पिळला, तर बिजागरी ताठ होते. मग झाकण उघडताना लागणारा सगळा जोर पितळी बुशवर येतो आणि तो प्लास्टिक फोडून बाहेर येतो. सैल बिजागरीपेक्षा ताठ बिजागरीनेच जास्त लॅपटॉप फुटतात, असं माझं स्पष्ट मत आहे. नट एका वेळी अष्टमांश फेराच फिरवा, मग झाकण हलवून बघा. दोन्ही बाजू सारख्याच ठेवा, नाहीतर झाकण तिरकं ओढलं जातं. काही बिजागऱ्यांना नट नसतोच, दांड्याभोवती पत्र्याची क्लिप असते. ती झिजली की आवळायला काही उरत नाही, सरळ नवी घ्यायची.

तेल मारायचा सल्ला देणारे भेटतात. करकर थांबेल म्हणून तेल सोडायचं, आणि ज्या घर्षणावर स्क्रीन उभी राहते तेच घालवायचं! शिवाय तेल ओघळून पॅनेलमध्ये उतरलं तर डाग कायमचा.

फेविक्विकचंही तसंच. ते सांध्यात झिरपून दांडाच चिकटवतं आणि झटक्याने तडकतं. उपटलेला बुश बसवायचा तर दोन ट्यूबवाला अराल्डाइट घ्या, जागा स्पिरिटने पुसा, आणि रात्रभर झाकणाला हात लावू नका. स्क्रू सुटू नयेत म्हणून लॉकटाइट लावणार असाल, तर ते प्लास्टिकवर सांडू देऊ नका. काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

खोलताना बॅटरीचा कनेक्टर आधी काढा. रबरी पायांखाली स्क्रू लपलेले असतात, तिथेही बघा. काढलेले स्क्रू कागदावर ज्या जागेचे त्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला की तो वरचं कव्हर फोडतो, कधी मदरबोर्डपर्यंतही पोचतो.

तळ फुगलेला दिसला किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल, तर बिजागरीचं नंतर बघू. ती बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, मशीन बंद करा, फुगलेला भाग दाबू नका आणि दुकानात न्या.

नवी बिजागरी मागवताना लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर द्या. नुसत्या कंपनीच्या नावावर आणि इंचांवर भलतीच यायची. टचस्क्रीन आणि साध्या स्क्रीनची बिजागरी एकाच मॉडेलमध्येही वेगळी असू शकते. डावी-उजवी जोडीच घ्या. एक नवी नि एक झिजलेली, की सगळा भार नवीवर.