‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’: प्रतीकं उलगडताना या चुका टाळा

अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेची १९२७ सालची ही कथा चार-पाच पानांत संपते. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यातलं एक जंक्शन, बार्सिलोनाहून माद्रिदला जाणारी गाडी यायला ४० मिनिटं, आणि बिअर पीत बसलेले दोघं. तिला दिवस गेलेत, आणि त्याला ‘साधंसं ऑपरेशन’ करून घ्यायचंय. गर्भपात हा शब्द कथेत कुठेच येत नाही.

आधी एक किरकोळ चूक. परीक्षेच्या उत्तरांमध्ये हे दोघं सर्रास ‘नवरा-बायको’ होतात. लेखक मात्र ‘अमेरिकन आणि त्याच्यासोबतची मुलगी’ एवढंच सांगतो. कथेतला माणूस तिला जिग म्हणतो. ती कुठल्या देशाची, हेही कथेत नाही.

खरी गडबड होते ती तक्त्यामुळे. टेकड्या म्हणजे गर्भ, नदी म्हणजे जीवन, बॅगा म्हणजे भूतकाळ: गाइडमधला हा तक्ता उतरवला की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण मग ती वस्तू कोणाला दिसते आणि कोणत्या वाक्यानंतर दिसते, हे निसटतं. आणि या कथेत सगळं तिथेच आहे.

टेकड्यांचंच बघा. पांढरा हत्ती म्हणजे पोसायला जड ओझं, हे आपल्याला शाळेपासून पाठ. म्हणून लगेच ‘मूल हे ओझं’ असं लिहिलं जातं. अहो, पण कोणाला? टेकड्या पांढऱ्या हत्तींसारख्या दिसतात, असं ती म्हणते. तो म्हणतो, मी कधी पाहिला नाही. थोड्या वेळाने ती स्वतःच माघार घेते: तशा काही दिसत नाहीत, झाडांमधून दिसणाऱ्या त्यांच्या कातडीच्या रंगाबद्दल बोलत होते. आणि पुढे विचारते, ऑपरेशन केलं तर मी पुन्हा असं काही म्हटलेलं तुला आवडेल ना? उपमा तीच, पण ती आधी सहज सुचते, मग मागे घेतली जाते आणि शेवटी सौद्यात ठेवली जाते. उत्तरात हा प्रवास लिहा.

इथे कोणीतरी हमखास बुद्धाची आई मायादेवी हिच्या स्वप्नातला पांढरा हत्ती आणतं. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात ते स्वप्न रंगवलेलंच आहे, त्यामुळे गर्भधारणेशी त्याचं नातं आपल्याला चटकन पटतं. वाचक म्हणून हा धागा जरूर नोंदवा. हेमिंग्वेच्या मनात तेच होतं असं मात्र ठोकून देऊ नका.

निसर्गाची विभागणीही घाईत केली जाते. एका बाजूला रखरखीत माळ, दुसऱ्या बाजूला धान्याची शेतं आणि नदीकाठची झाडं, हे खरं. पण हिरवी बाजू पाहायला ती उठून स्टेशनच्या टोकापर्यंत जाते. शेतावरून ढगाची सावली सरकते आणि ती म्हणते, हे सगळं आपलं होऊ शकलं असतं. ती सावली गाळून ‘हिरवळ म्हणजे आशा’ लिहिणं म्हणजे अर्धंच वाचणं.

बारच्या दारातल्या मण्यांच्या पडद्यावर बहुतेक जण एक ओळ लिहून पुढे जातात. त्यावर रंगवलेली अक्षरं तिला वाचता येत नाहीत, ती त्याला विचारते. बारवालीशीही तोच बोलतो. हीच एक गोष्ट आपल्याला दुःखी करते, असं तो सांगतो, तेव्हा ती पडद्याच्या दोन माळा हातात धरते. ‘दोन’ हा आकडा लेखकाने मुद्दाम दिलाय, असं मला वाटतं.

संवादात कोण बोलतंय हे हरवत असेल तर समासात पेन्सिलीने ‘तो’, ‘ती’ लिहीत जा. बऱ्याच वाक्यांना नाव जोडलेलं नाही; चुकलात तर शेवटच्या ‘मुलगी म्हणाली’पर्यंत मागे या. स्पेनमध्ये तेव्हा गर्भपात गुन्हा होता, हे लक्षात ठेवलं तर त्याचं ‘अगदी सोपं आहे’ वेगळं ऐकू येतं.

शेवटी तो बॅगा पलीकडच्या रुळांकडे नेऊन ठेवतो. यावरून ‘तो वितळला’ आणि ‘तिने हार मानली’, असे दोन्ही निकाल लिहिले जातात. परत येताना तो बारमध्ये एकटाच एक पेला घेतो. बाकीचे लोक शहाण्यासारखे गाडीची वाट बघतायत, असं त्याला वाटतं. ती हसून म्हणते, मला काही झालेलं नाही, मी बरी आहे. निर्णय काय झाला, ते लेखकाने लिहिलेलं नाही. ‘अनिर्णित’ लिहायचं असेल तर बॅगा, पेला आणि ते हसू या तिन्हींचा आधार द्या. नुसत्या अनिर्णितला गुण मिळत नाहीत.