इंग्रजी बोलताना आपल्याकडच्या मुलांनी टाळायच्या चुका

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मुलांचं इंग्रजी कच्चं असतं, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. शब्द मुलांकडे पुरेसे असतात, काळांचे तक्तेही पाठ असतात. तरी मुलाखतीत गाडी अडते, कारण वाक्य मनात मराठीत किंवा अहिराणीत जुळतं आणि त्यावर नुसते इंग्रजी शब्द बसवले जातात. म्हणूनच चुका ठरावीक असतात, आणि ठरावीक आहेत म्हणून पकडता येतात.

‘आहे’ आलं की ‘इंग’ लावू नका

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘ही इज नोइंग अहिराणी’, ‘आय ॲम बिलाँगिंग टू चोपडा’. आपल्या बोलण्यात ‘आहे’ जागोजागी येतं. अहिराणीत तर ‘काय करी राहिना भो’ (काय करतो आहेस, भाऊ) दिवसातून कितीदा कानावर पडतं. इंग्रजीत ‘इंग’ लागतं ते सुरू असलेल्या आणि कधीतरी थांबणाऱ्या कामाला. भाऊ असणं, भाषा येणं, एखादी गोष्ट माहीत असणं किंवा हवी असणं ही कामं नाहीत, त्या स्थिती आहेत. स्वतःला विचारा, ‘हे मी आत्ता थांबवू शकतो का?’ जेवण थांबवता येतं, म्हणून ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर. भाऊ थांबवता येत नाहीत, म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर्स’. आणि गावाचं नाव सांगायला ‘आय ॲम फ्रॉम चोपडा’ एवढं पुरतं.

‘केलं आहे’ आणि ‘केलं’

माझ्या मते मुलाखतीत सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण ती पहिल्याच मिनिटात होते. ‘मी २०२१ मध्ये बीएस्सी केलं आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. तेच ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बीएस्सी इन २०२१’ असं गेलं की चुकलं. इंग्रजीत ‘हॅव’ लावलं की बोलणं आजच्या परिस्थितीबद्दल होतं, तिथे ‘केव्हा’ सांगायला जागा नसते. काल, गेल्या वर्षी, २०२१ मध्ये, सकाळी आठला, अशी संपलेली वेळ तोंडातून येणार असेल तर साधा भूतकाळच हवा : ‘आय कम्प्लीटेड माय बीएस्सी इन २०२१.’

समजा, रावेरहून केळीचा ट्रक दिल्लीला निघालाय आणि तिकडून व्यापाऱ्याचा फोन आला. ‘द ट्रक हॅज लेफ्ट’ म्हणजे माल वाटेवर आहे, निश्चिंत राहा. त्याने विचारलं, केव्हा निघाला? आता ‘इट लेफ्ट ॲट फाइव्ह’. ‘इट हॅज लेफ्ट ॲट फाइव्ह’ नाही. ट्रक तोच, बातमीही तीच; पाच वाजले हे सांगताच ‘हॅज’ गळालं. परिचयात शिक्षण, नोकरी, प्रशिक्षण यांच्यापुढे साल येतंच, त्यामुळे तिथली प्रत्येक ओळ या नजरेने एकदा तपासा.

‘पासून’चीही अशीच गडबड होते. ‘मी इथे तीन वर्षांपासून काम करतोय’ याचं ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ होतं, आणि त्यात एकदम दोन चुका असतात. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ दोन्ही चालतं. इंग्रजीत सुरुवात सांगायची तर सिन्स : सिन्स मंडे, सिन्स २०२२, सिन्स दिवाळी. किती काळ ते सांगायचं तर फॉर. शिवाय काम मागे सुरू होऊन अजून चालू आहे, म्हणून ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स’.

‘आय डिड नॉट वेन्ट’बद्दल फार लिहायची गरज नाही. भूतकाळ ‘डिड’ने दाखवला, की क्रियापद मूळ रूपात : ‘आय डिड नॉट गो’.

प्रत्येक ‘ला’ला ‘टू’ नको

सरांना विचारलं, मला सांगितलं, भुसावळला पोहोचलो. यातून ‘आस्क्ड टू सर’, ‘टोल्ड टू मी’, ‘रीच्ड टू भुसावळ’ तयार होतं. तिन्ही ठिकाणी ‘टू’ काढून टाका. पण म्हणून सगळीकडून काढू नका. ‘एक्सप्लेन मी’ चूक आहे, तिथे ‘एक्सप्लेन इट टू मी’ हवं, आणि ‘लिसन टू मी’ही तसंच. ‘त्याबद्दल चर्चा केली’ यातला ‘बद्दल’ मात्र इंग्रजीत येत नाही : ‘वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम’. याला सर्वांना लागू पडेल असा नियम नाही. क्रियापद पाठ करताना ते छोट्या वाक्यासकटच पाठ करा, हाच उपाय.

‘अ’ की ‘ॲन’ : देवनागरीत लिहून बघा

इथे मराठी माणसाला चक्क फायदा आहे. शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग बघूच नका, तो जसा बोलतो तसा देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अवर, ऑनेस्ट, एमबीए, एलआयसी एजंट यांची सुरुवात स्वराने होते, म्हणून ॲन. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे रोड य आणि व ने सुरू होतात, म्हणून अ. ‘द’ गावाच्या नावाआधी लावू नका, नदीच्या नावाआधी लावा : जळगाव, धुळे नुसतंच, पण द तापी, द गिरणा.

इंग्रजीत मान वेगळा बांधावा लागतो

व्याकरण बरोबर असूनही समोरचा दुखावतो, अशी ही चूक आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. आपण ‘फॉर्म द्या’, ‘दोन मिनिटं थांबा’, ‘माहिती पाठवा’ म्हणतो, तेव्हा मान क्रियापदातच असतो. ‘दे’ आणि ‘द्या’ यातला फरक लहान मुलालाही कळतो. इंग्रजीत दोन्हीला एकच ‘गिव्ह’. त्यामुळे बँकेत मॅनेजरसमोर ‘गिव्ह मी द फॉर्म’ म्हणणारा मुलगा मनात ‘द्या’ म्हणत असतो, आणि इंग्रजीची सवय असलेल्या माणसाला ते ‘दे’ असं ऐकू येतं. मुलगा उद्धट नसतो. त्याचा मान भाषांतरात गळालेला असतो, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपल्या भागातली केळी आखाती देशांत जाते, म्हणून परदेशातल्या खरेदीदाराला पाठवायच्या मेसेजचंच उदाहरण घेऊ. आपला तरुण लिहितो : ‘वी आर हॅविंग ए-वन क्वालिटी बनाना. टेल क्वांटिटी अँड डेट. ॲडव्हान्स मस्ट.’ आता हेच असं लिहा : ‘वी हॅव गुड-क्वालिटी बनानाज रेडी फॉर शिपमेंट. कुड यू प्लीज लेट अस नो द क्वांटिटी यू नीड अँड युअर प्रिफर्ड डेट? वी रिक्वेस्ट ॲन ॲडव्हान्स पेमेंट बिफोर लोडिंग.’ अट तीच आहे, आगाऊ पैसे तेवढेच मागितलेत. बदलला तो सूर. नुसतं ‘प्लीज’ जोडून हे होत नाही, आज्ञेचा प्रश्न करावा लागतो.

असा प्रश्न करताना एक नवी चूक शिरते. ‘कॅन यू टेल मी व्हेअर इज द ऑफिस?’ यात प्रश्न सुरुवातीला ‘कॅन यू’नेच विचारून झाला. पुढचा भाग साध्या वाक्यासारखा ठेवा : ‘कॅन यू टेल मी व्हेअर द ऑफिस इज?’

उरलेल्या काही

‘मायसेल्फ’ने परिचय सुरू करू नका, ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ म्हणा. ‘वन ऑफ माय’नंतर अनेकवचन : वन ऑफ माय फ्रेंड्स. फर्निचर, इन्फॉर्मेशन, लगेज, ॲडव्हाइस यांना शेवटी ‘स’ लागत नाही. ‘माय एज इज २२ इयर्स ओल्ड’ नको, ‘आय ॲम २२ इयर्स ओल्ड’.

‘प्रीपोन’ मात्र चुकांच्या यादीत घालू नका. तो भारतात रुळलेला शब्द आहे, ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. ‘आय पास्ड आउट इन २०२२’ आपल्याकडे सगळ्यांना समजतं, पण बाहेरच्या माणसाला तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटू शकतं. परदेशी कंपनीच्या मुलाखतीत ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा.

सराव करताना सगळ्या चुकांच्या मागे एकदम लागू नका. मोबाइलवर स्वतःचा दोन मिनिटांचा परिचय रेकॉर्ड करा आणि ऐकताना एकच चूक शोधा, या आठवड्यात फक्त ‘हॅविंग’, पुढच्या आठवड्यात फक्त ‘हॅव कम्प्लीटेड’. मुलाखतीत चूक झालीच आणि लक्षात आली, तर बरोबर वाक्य एकदा म्हणा आणि पुढे जा. वाक्य अर्थ पोहोचवून गेलं असेल, तर तेही करू नका. पुन्हा पुन्हा ‘सॉरी सर’ म्हणत मागे फिरलात, तर समोरच्याने न धरलेली चूकही त्याच्या लक्षात राहते.