बार्बेक्यू थर्मामीटरचा प्रोब: कसा जपायचा, कसा धुवायचा

गच्चीवरची शेगडी असो, हुरड्याच्या दिवसांत शेतावर भाजलेली कोंबडी असो, की लग्नाच्या ऑर्डरीला चार-चार जाळ्या मांडणारा केटरर असो, थर्मामीटर चुकीचं दाखवायला लागलं की शिव्या खातं ते यंत्र. यंत्र बहुतेक वेळा ठणठणीत असतं. गेलेला असतो प्रोब, म्हणजे मांसात खुपसायची वायरवाली सळई, आणि तोही बहुधा एकाच जागी.

ती जागा बघायची तर प्रोब हातात घ्या. पुढची टोकदार सळई स्टेनलेस स्टीलची, सेन्सर तिच्या टोकाच्या अगदी जवळ. मागच्या बाजूला, जिथून वायर आत शिरते, तिथे स्टीलची नळी दाबून चिमटवलेली दिसेल. हाच सांधा. सळईला पाण्याचं काही वाटत नाही, पण स्वस्तातल्या प्रोबमध्ये सांध्याला नीट सील नसतं, नुसती नळी दाबलेली असते. तिथून पाणी किंवा तेल आत गेलं की काम बिघडलं.

बिघडतं कसं, तेही समजून घ्या, म्हणजे लक्षण ओळखता येईल. घरगुती प्रोबमध्ये बहुधा थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध घटतो आणि यंत्र त्या रोधावरूनच अंश काढतं. आत ओल आली की करंटला आडवाट मिळते, रोध घटल्यासारखा दिसतो, आणि यंत्राला वाटतं मटण तापलं. म्हणून पाणी प्यालेला प्रोब पंख्याखाली ठेवला तरी शंभर-सव्वाशे अंश दाखवतो. तार आतून तुटली असेल तर उलटं होतं: रोध अफाट वाढतो, मग आकड्याऐवजी आडव्या रेघा किंवा ‘फार थंड’ची खूण येते. पहिला प्रकार कधीकधी सुधारतो. दुसरा नाही.

शेगडीवर प्रोब लावताना

लालबुंद कोळसा सहाशे अंशांच्या वर असतो. वेणीदार स्टीलच्या जाळीतली चांगली वायर साधारण ३७० अंशांपर्यंत टिकते, हलकी वायर २५०च्या आसपासच हात टेकते. पाकिटावर मर्यादा छापलेली असते, ती वाचूनच ठेवा. काही वायरींच्या आत टेफ्लॉन असतं, ते २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतं. आणि झाकणावरचा काटा २०० दाखवतोय म्हणून निर्धास्त राहू नका. चरबी ठिबकून भडका उडतो, तेव्हा ज्वाळेच्या तोंडाशी असलेल्या वायरीला झाकणावरचा काटा माहीत नसतो.

म्हणून वायर जाळीच्या वरून न्या, निखाऱ्यांच्या बाजूने नको. कोळसा एका अंगाला लोटलेला असेल तर वायर थंड अंगाने बाहेर काढा. झाकणाच्या कडेत वायर दाबली गेली की आतली तार हळूहळू कापली जाते, त्यामुळे प्रोबसाठी खाच असेल तर तिथूनच काढा, नसेल तर वरच्या धुराच्या भोकातून. भोकाखालीच निखारे असतील तर ती वाटही नको. सांध्याजवळच्या चार-पाच इंचांवर ॲल्युमिनियमची फॉइल दुहेरी गुंडाळली तर वरून पडणारी धग बरीच अडते, पण थेट ज्वाळेत फॉइल काही वाचवत नाही.

सळई मांसात आडवी खुपसा, म्हणजे टोक सगळ्यात जाड भागाच्या मधोमध येईल आणि सांधा मांसाच्या बाहेर, निखाऱ्यापासून दूर राहील. सांधा मसाल्यात बुडेपर्यंत दाबू नका. दही, मीठ, लिंबू तिथेच साचतं आणि पहिली खराबी तिथूनच सुरू होते. हाडाला टोक लागलं तर आकडा फसवा येतो. शीक कबाबमध्ये तर लोखंडी सळई मधून गरम होत असते, त्यामुळे तिला टेकलेला प्रोब कच्चा खिमाही शिजला म्हणून सांगेल. सळई आणि बाहेरची कड यांच्या मधोमध तिरका घाला.

भट्टीच्या तंदूरमध्ये वायरवाला प्रोब आत सोडून देऊ नये, हे ठामपणे सांगतो. आतली हवा चारशे अंशांच्या पुढे जाते. तिथे झटपट मोजणारा, हातात धरायचा थर्मामीटर घ्या आणि तुकडा बाहेर काढून मोजा.

जाळीवरच्या हवेचं तापमान मोजायचं असेल तर अर्धा बटाटा कापून त्यातून प्रोब आरपार घाला, टोक दोन-तीन सेंटीमीटर पलीकडे बाहेर ठेवा आणि बटाटा जाळीवर ठेवा. सळई तापल्या लोखंडाला टेकत नाही.

प्रोब काढताना वायर ओढायची नाही. सळईचं मागचं टोक सांडशीने धरा, थोडं फिरवा, सरळ ओढा. वायर धरून खेचणाऱ्यांचेच प्रोब सर्वांत लवकर जातात.

एका तुकड्यातून दुसऱ्यात

कच्च्या कोंबडीत घातलेला प्रोब तसाच शिजलेल्या तुकड्यात खुपसला तर शिजवण्याचा फायदा तिथेच संपला. सुरक्षित आकडे असे: कोंबडी ७४, खिमा ७१, मटणाचा अखंड तुकडा ६३ आणि नंतर तीन मिनिटं विश्रांती. (आपल्याकडे मटण ६३ला कोणी ताटात घेणार नाही. रान, म्हणजे मागची अख्खी तंगडी, हाडापासून सुटायला हवी तर ८५-९०पर्यंत जावंच लागतं.) दर वेळी मोजून झालं की साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या नॅपकिनने सळई पुसा, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने, मग वाळू द्या. अल्कोहोल निखाऱ्यापासून लांब ठेवा, ते पेट घेतं. नॅपकिन जुना टेरीचाच घ्या, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणलेला. तो तेल धरून ठेवतो, सुती चिंधी नुसती पसरवते.

धुणं

निवल्यावर धुवा, पण सकाळपर्यंत ठेवू नका. मिठाचा आणि आंबट मसाल्याचा थर रात्रभर राहिला तर स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात. ब्लीच याच कारणाने वर्ज्य.

वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. सळई टोक खाली धरून बुडवा, पण सांध्याच्या दोन सेंटीमीटर खालीच थांबा. नायलॉनच्या घासणीने टोकाकडून मागे नव्हे, मागून टोकाकडे घासा, म्हणजे पाणी सांध्याकडे ढकललं जात नाही. नळाखाली धरू नका. धार कुठे जाईल सांगता येत नाही. प्रोबवर आयपी ६७ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) लिहिलेलं असेल तर एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं त्याची चाचणी झालेली असते, बुडवायला हरकत नाही. नसेल तर डिशवॉशरचं नावही काढू नका.

जळून काळा पडलेला थर एवढ्याने जात नाही. खाण्याच्या सोड्याचे तीन भाग आणि पाण्याचा एक भाग, दाट लेप करा, सळईवर लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, घासा, ओल्या कापडाने पुसा. तारेची घासणी आणि पितळ-तांब्याची पावडर नको: ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी तेल त्या ओरखड्यांतच घट्ट बसतं. वायरीच्या वेणीतला चिकटपणा ओल्या, पिळलेल्या कापडाने पुसण्यापलीकडे काढायचा प्रयत्न करू नका. काळी पडलेली वायर काम बिघडवत नाही.

बोअरच्या पाण्याने धुतलं तर सळईवर पांढरी क्षारांची साय धरते. पांढरा व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात, त्यात कापड भिजवून पुसा, मग पिण्याच्या पाण्याने पुसून कोरडं करा. वायरीच्या दुसऱ्या टोकाची, यंत्रात बसणारी पिनही विसरू नका. मसाल्याच्या हाताने लावलेली पिन आकडा उड्या मारायला लावते. कापसाच्या काडीवर अल्कोहोल घेऊन पुसा.

पाणी गेलंच असेल तर

यंत्रातून प्रोब काढा. ओव्हन १०० अंशांवर ठेवून (मायक्रोवेव्ह अजिबात नाही) सळई आणि सांधा तासभर आत राहू द्या. प्लॅस्टिकची पिन मात्र ओव्हनबाहेर. ओव्हन नसेल तर एप्रिल-मेमध्ये सोलापूरचं ऊन आहेच: पत्र्यावर कापड टाकून दोन दिवस, टोक वर आणि सांधा खाली. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याने वेळ जातो, बाकी काही होत नाही.

मग तपासा. पेला ठेचलेल्या बर्फाने गच्च भरा, फटी बुजतील इतकंच पाणी घाला, ढवळा. टोक मधोमध धरून मिनिटभर थांबा. शून्याच्या एका अंशाच्या आत यायला हवं. उकळत्या पाण्यात १०० यावेत ही अपेक्षा मात्र ठेवू नका. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर वर आहे, इथे पाणी ९८.५च्या आसपास उकळतं. तेवढं आलं तर प्रोब बरोबर आहे. दोन्ही चाचण्यांत सारखाच एक अंशाचा फरक असेल तर ध्यानात ठेवून वापरा. बर्फात बरोबर आणि उकळत्यात पाच अंश वर, असं असेल तर टाकून द्या.

बिनतारी प्रोब

यांच्या आत बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स असतं, आणि त्यांना मांसाबाहेर राहणाऱ्या मागच्या टोकाएवढी उष्णता सोसत नाही. म्हणून सळईवरच्या रेघेपर्यंत मांसात गेलाच पाहिजे, मांसच आतल्या भागाला थंड ठेवतं. मागचं टोक सिरॅमिकचं असेल तर तापलेला प्रोब थंड पाण्यात टाकू नका, तडा जातो. चार्ज होत नसेल तर आधी बॅटरीला दोष देऊ नका. सळईवरचा आणि चार्जिंगच्या डबीतला तेलकट पापुद्रा पुसून बघा.

ठेवताना वायरचं वेटोळं बशीएवढं मोठं करा. बोटाभोवती आवळून रबर लावलेली वायर सांध्यापाशीच मोडते. तेलाच्या वासाला झुरळं आणि उंदीर येतात, तेव्हा झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि यंत्रातले सेल काढून ठेवा.

नवा प्रोब घेताना पिन बसते म्हणून घेऊ नका. अडीच मिलिमीटरची पिन कित्येक कंपन्यांची सारखी असते, पण आतला थर्मिस्टर वेगळा, आणि आकडा वीस-पंचवीस अंशांनी चुकूनही यंत्र कुठलीच तक्रार करत नाही. त्याच मॉडेलचा मागवा, आणि आल्या दिवशीच बर्फाच्या पेल्यात घालून बघा, म्हणजे परत करायची मुदत हातात असते.